आखाड्यातून बेसबॉलच्या मैदानाकडे

महाविद्यालयात बेसबॉलचा संघ बांधणारे सर त्या पदापर्यंत कसे पोहोचतात? शारीरिक शिक्षणाची पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग सेट-नेट. खेळ शिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती रीतसर शिकता येते, हा विचार महाराष्ट्रात ज्या संस्थांनी रुजवला, त्यांत अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अग्रभागी आहे.

1914 साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी मंडळाची स्थापना केली. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांची विद्या तोवर उस्तादाकडून पठ्ठ्याकडे जात असे. उस्ताद गेला की आखाडा ओस पडे. मंडळाने 1924 मध्ये उन्हाळी अभ्यासक्रम सुरू केला. सुटीत येऊन शिकायचे आणि परत जाऊन आपल्या गावातल्या मुलांना शिकवायचे, अशी ती योजना. मंडळाची खरी वाटचाल इथून सुरू झाली, असे मला वाटते. पैलवान घडवणारी जागा आता शिक्षक घडवू लागली. हुतात्मा राजगुरूंनीही इथे व्यायामाचे धडे घेतले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपले देशी खेळ जगासमोर मांडले.

दुसरा प्रवाह मद्रासमधून आला. 1920 मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकी शिक्षकाने तिथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय उभारले. पुढे 1938 मध्ये मुंबई सरकारची कांदिवलीची प्रशिक्षण संस्था आली, 1957 मध्ये ग्वाल्हेरचे महाविद्यालय आले आणि 1967 मध्ये अमरावतीच्या मंडळाचे पदवी महाविद्यालय. ‘पी.टी.चे सर’ पदवीधर झाले, तसे त्यांना महाविद्यालयात प्राध्यापकांच्या बरोबरीचे स्थान मिळत गेले.

शिकवणारे घडले, तरी खेळाडूला पुढे जायला विद्यापीठाचा संघ लागतो. आमच्या भुसावळ-जळगावकडची, म्हणजे खानदेशची महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. 2018 पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ आपले झाले आणि त्याचा संघही आपला झाला. भुसावळच्या मुलाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात आणि तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाण्याचा मार्ग घराजवळ आला.

या मार्गावर मुलांना चालवणे मात्र सोपे नाही. आपली पोरं क्रिकेटवर वाढलेली. चेंडू तटवून जागेवर उभे राहायची सवय मोडून, बेसबॉलमध्ये फटका बसताच बॅट टाकून 90 फुटांवरच्या पहिल्या बेसकडे सुसाट धावायला शिकवावे लागते. उघड्या हाताने झेल घेणाऱ्याला ग्लोव्हची सवय लावावी लागते. 60 फूट 6 इंचांवरून टप्पा न टाकता, थेट, अचूक फेकणारा पिचर तयार व्हायला अनेक हंगाम जातात; आणि तयार झालेला मुलगा पदवी घेऊन निघून जातो. दर जूनमध्ये सर पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल परत येत आहेत. दुसरीकडे राज्यातल्या कित्येक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकांची जागा रिकामी आहे. वैद्य बंधूंनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते की आधी शिकवणारा घडवावा लागतो, मग खेळाडू घडतात. ते मानत असू, तर या जागा आधी भरल्या पाहिजेत.