मोटारीच्या तारांचा गोफ

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा एंजिनाच्या गुणगानात रमतात. फार तर चाके, ब्रेक आणि बाह्यांगाचा डौल यांच्याकडे त्यांची दृष्टी वळते. एंजिनाच्या कडेने, पत्र्याच्या आडोशाने आणि डॅशबोर्डामागील काळोखातून गेलेली तारांची जुडी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः पन्नास-साठ वर्षांची जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणावयाची म्हटली की, याच जुडीशी पहिली गाठ पडते. पत्रा गंजला तर तो कापून नवा जोडता येतो. सिलिंडर झिजले तर ते घासून मोठे पिस्टन बसविता येतात. हे दोष डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात. तार मात्र आवरणाच्या आत निकामी होत असते आणि तिचा दोष कळतो तो पुष्कळदा धुराच्या वासाने.

आपल्याकडील कारागीर या जुडीला नुसते ‘वायरिंग’ म्हणतात. इंग्रजीत तिला ‘लूम’ असे नाव आहे. लूम म्हणजे माग. विणकराच्या घरचा हा शब्द मोटारीच्या पोटात आला तो उगाच नव्हे. एके काळी ही जुडी खरोखरच सुताने विणलेली असे.

आरंभीच्या मोटारींना अशा जुडीची गरजच नव्हती. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली जी तीनचाकी गाडी रस्त्यावर आणली, तिच्यात ठिणगी पाडण्यासाठी बॅटरी व कंप पावणारी गुंडाळी होती. परंतु ती बॅटरी गाडीवर पुन्हा भरण्याची सोय नसल्याने प्रवासाला तिची मर्यादा पडे. पुढे रोबर्ट बॉश यांच्या जर्मनीतील कारखान्याने १८९७ मध्ये वाहनाच्या एंजिनास मॅग्नेटो जोडला आणि १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. एंजिन फिरू लागले की मॅग्नेटो आपली वीज आपणच निर्माण करी. बॅटरी नको, डायनामो नको. प्लगांकडे जाणाऱ्या जाड तारा आणि एंजिन बंद करण्याची एक बारीक तार, एवढाच सारा पसारा. पुढचे दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या वायूवर जळत, बाजूचे दिवे रॉकेलवर. भोंगा रबरी फुग्याने वाजे. सारे सोपे होते; फक्त एंजिन सुरू करण्यास दांडा फिरवावा लागे, आणि तो दांडा उलटा उसळला म्हणजे मनगट मोडे.

ही मनगटे वाचविण्याच्या प्रयत्नातून मोटारीतील वायरिंग जन्मास आले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी चार्ल्स केटरिंग नावाचे एक इंजिनियर रोकड मोजण्याची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात कामास होते. गल्ल्याचा खण विजेने उघडण्यासाठी त्यांनी एक लहानशी मोटर योजली होती. हे काम क्षणाचे असल्याने त्या मोटरवर तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळच अधिक भार टाकता येतो, हे त्यांनी जाणले होते. एंजिन सुरू करणे हेही काही क्षणांचेच काम. जे गणित गल्ल्याला लागू पडले, ते त्यांनी मोटारीस लावले, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीस विजेचा स्टार्टर मिळाला.

या शोधाचे फळ मनगटापुरते राहिले नाही. स्टार्टर आला म्हणजे दांडगी बॅटरी आली. बॅटरी रिकामी होणार म्हणून ती भरणारा डायनामो आला. आणि वीज घरात आलीच आहे तर दिवे, भोंगा व ठिणगी यांनीही तीच का वापरू नये, असा विचार ओघानेच आला. कॅडिलॅकने ही सारी कामे त्याच एका व्यवस्थेकडे सोपविली. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल-टी काही वर्षे हट्टाने दूर राहिली. तिलाही १९१९ मध्ये स्टार्टर घ्यावा लागला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बोटांवर मोजता येणाऱ्या तारांची आता झाडासारखी वाढ झाली: बॅटरीपाशी बुंधा, आणि दिव्यादिव्याकडे, बटणाबटणाकडे फांद्या.

इतक्या तारा एकेक करून गाडीत ओढत बसणे कारखान्याच्या गतीला परवडण्यासारखे नव्हते. म्हणून ते झाड गाडीबाहेरच तयार होऊ लागले. एका लांब फळीवर आकृती काढावयाची, वळणावळणावर खिळे ठोकावयाचे आणि ठरलेल्या लांबीच्या तारा त्या खिळ्यांमधून आखून दिलेल्या मार्गाने घालावयाच्या. नंतर ही जुडी सूत गुंफणाऱ्या यंत्रातून जाई. त्या यंत्रात सुताच्या रिळांचे एक मंडळ उजवीकडून व दुसरे डावीकडून मध्यावरील तारांभोवती फिरते आणि फिरता फिरता ती रिळे एकमेकांना आतून-बाहेरून ओलांडतात. गोव्यात शिमग्याला वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या धरून नाचणाऱ्यांचा गोफ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या यंत्राची गती निराळी समजावून सांगावी लागणार नाही. तेथे नाच उलटा फिरवून गोफ सोडविता येतो. येथे मात्र सूत एकदा घट्ट बसले की जुडी कायमची.

जुडी झाकली गेली म्हणजे तिच्यातील कोणती तार कोठे जाते हे कसे ओळखावे? याचे उत्तर रंग. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी दिव्यांच्या धंद्यातून उभारलेली कंपनी पुढे ब्रिटिश मोटारींच्या विद्युत् साहित्याची जवळजवळ एकमेव पुरवठादार झाली, आणि तिच्या रंगसंकेताची एक लिपीच बनून गेली. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते व सदैव जिवंत असते. चावी फिरविली म्हणजे पांढरी जिवंत होते आणि ठिणगीच्या गुंडाळीकडे जाते. तीच पांढरी फ्यूजमधून पार पडली की हिरवी होते. निळी तार मोठ्या दिव्यांची, तांबडी लहान दिव्यांची. काळी गाडीच्या पत्र्यास, म्हणजे ‘अर्थ’ला, मिळालेली. निळीवर पांढरी रेघ असेल तर तो दूरचा झोत, तांबडी असेल तर जवळचा. ही लिपी ज्याला अवगत आहे, तो कारागीर नकाशावाचूनही डॅशबोर्डाखाली हात घालून बिघाडाचा माग काढू शकतो.

भारतातील कारागिरांनी ही लिपी पुस्तकांपेक्षा गाड्यांवरूनच अधिक शिकून घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथून अँबॅसडर. अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तेव्हा तिची विद्युत् रचना ब्रिटिश वळणाची, फियाटची इटालियन. १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली आणि डायनामो, स्टार्टर यांसारख्या वस्तू येथेच बनू लागल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. इतकी दीर्घ वर्षे चाललेल्या गाड्यांच्या तारांना असंख्य हात लागले. तार तुटली, हाताशी तांबडी होती, तांबडी जोडली. पुढच्या वेळी काळी होती, काळी जोडली. गाडी चालली आणि त्या दिवसापुरते काम झाले. परंतु मोडी कागदाच्या ओळीत मधूनच कोणी अनोळखी लिपीतील शब्द घुसडावेत, तशी त्या जुडीची गत झाली. पुढच्या कारागिरास ती वाचता येईनाशी झाली, आणि न वाचता येणारी तार तो तोडून टाकू लागला. ही वजाबाकी पुष्कळ जुन्या मोटारींना गंजापेक्षाही अधिक भोवली आहे.

तारेतील तांबे सहसा लवकर म्हातारे होत नाही. म्हातारे होते ते तिचे आवरण. जुन्या तारांवर रबर आणि रबरावर सूत असे. एंजिनाची उष्णता व हवेतील प्राणवायू यांनी रबर कडक होते, त्याला तडे जातात. सूत तेल पिऊन काळे पडते. एक्झॉस्टच्या जवळून गेलेली फांदी आधी ठिसूळ होते. अशी तार हलविली नाही तर वर्षानुवर्षे निमूट राहील. पण कोणी दुरुस्तीसाठी ती वाकविली की आवरणाचे तुकडे गळून पडतात व उघडे तांबे पत्र्याला टेकते. त्यातच त्या काळच्या कित्येक गाड्यांत संरक्षण अगदी बेताचे असे. १९४८ पासून १९७१ पर्यंत बनलेल्या मॉरिस मायनरला अवघे दोन फ्यूज होते. मोठे दिवे व ठिणगी यांची वाट फ्यूजवाचून ठेवीत. भर रात्री फ्यूज उडून चालक अंधारात पडू नये, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला, परंतु तपकिरी तार पत्र्याला लागली तर तिला अडविणारे कोणीच नसे, आणि अख्खी जुडी काही क्षणांत पेट घेई.

म्हणून एंजिनावरील वायरिंग नव्याने बांधणे हे हौशी माणसाचे लाड नव्हेत. प्रश्न उरतो तो एवढाच की, ते जसेच्या तसे बांधावे की सुधारून. जुन्याचे अभिमानी आतून पीव्हीसीच्या आवरणाची नवी तार घेतात आणि बाहेरून पूर्वीसारखेच सूत विणवितात. पीव्हीसीला लवचिक करण्याची युक्ती अमेरिकेतील वॉल्डो सीमन यांनी १९२६ मध्ये शोधली होती. मोटारींच्या तारांवर ते दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू स्थिरावले. तेव्हा ही तडजोड वावगी म्हणता येणार नाही.

सुधारणेची वाट अधिक निसरडी आहे. एक बदल दुसऱ्यास बोलावतो. लुकासचा सी-४० जातीचा डायनामो सुमारे २२ अँपिअर प्रवाह देई. त्याच्या जागी येणारा १६-एसीआर अल्टर्नेटर ३४ देतो. नवे यंत्र जुन्या बैठकीवर थोड्या खटपटीने बसते. परंतु ज्या तपकिरी तारेतून तो प्रवाह बॅटरीकडे जावयाचा, ती २२ च्या हिशोबाने घातलेली असते, आणि डॅशबोर्डावरील अँपिअर-मापकही बहुधा तीसपर्यंतच. तार न बदलता यंत्र बदलणे म्हणजे ओढ्याच्या पुलाखालून नदी सोडणे होय. शिवाय १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडीत, आणि अल्टर्नेटरमधील डायोडांची धाटणी सामान्यतः ऋण टोक पत्र्याला जोडण्याची. त्यामुळे सारी दिशाच फिरवावी लागते: गुंडाळीच्या तारा अदलाबदल करावयाच्या, मापकाच्या तारा उलट्या लावावयाच्या. स्टार्टर तेवढा या उलथापालथीतून सुखरूप सुटतो. त्याच्या चुंबकाच्या व फिरत्या भागाच्या गुंडाळीतील प्रवाह एकाच वेळी उलटत असल्याने तो पूर्वीच्याच दिशेने फिरतो.

दिव्यांच्या बाबतीत मात्र सुधारणेचा पक्ष निर्विवाद आहे. ६० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. जुन्या तारेत व बटणात मिळून एक दशांश ओहम एवढा अडथळा असला तरी एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, आणि दाब एक व्होल्टने घटला की दिव्याचा जवळजवळ पाव प्रकाश जातो. बटणाने फक्त रिले ओढावा आणि दिव्यांचा प्रवाह जाड, आखूड तारेतून फ्यूजमार्गे न्यावा, एवढ्याने रात्रीचा रस्ता पुन्हा दिसू लागतो. असा बदल करताना लुकासचे रंग पाळले, तर लिपीही मोडत नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेतही झालेल्या बदलांची नोंद ठेवण्यावर भर आहे. वायरिंगला तर हा नियम सर्वाधिक लागू पडावा; कारण केलेला बदल आवरणाखाली झाकला जातो.

नवे तेवढे टिकाऊ, हा समज मात्र येथे टिकत नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बनलेल्या मर्सिडीज-बेंझच्या काही गाड्यांत एंजिनावरील तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळू लागले आणि पुष्कळ मालकांना ती जुडी संपूर्ण बदलावी लागली. सूत आणि रबर यांनी त्याहून अधिक वर्षे काढली होती. बांधणीची रीतही फारशी बदललेली नाही. २०२२ च्या मार्च महिन्यात युक्रेनमधील युद्धामुळे तेथील जुड्या बांधणारे कारखाने थांबले, तेव्हा जर्मनीतील फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यू यांना आपले काही कारखाने बंद ठेवावे लागले. इतक्या यंत्रयुगातही हे काम बव्हंशी फळीवर आणि माणसांच्या हातांनी होते, हे तेव्हा कित्येकांना प्रथमच कळले.

जुन्या मोटारीचा जाणता कारागीर आजही त्याच फळीपासून आरंभ करतो. जुनी जुडी तो तोडून काढीत नाही. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून, कोठून कोठे जाते ते वहीत उतरवून, तो ती अखंड बाहेर काढतो आणि लाकडी फळीवर पसरतो. ती ज्या ठिकाणी वळली असेल त्या त्या ठिकाणी खिळा ठोकतो, जेथून फांदी फुटली असेल तेथे दोन. मग रंग पडताळून पहिली तार घालतो. ती बहुधा तपकिरी असते.