करोडगिरी ते परमिट रूम : बिअरची बाटली आणि सरहद्दीचे दोन उंबरठे

सरहद्द ही भूगोलातली गोष्ट आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नकाशावर एक रेघ, रेघेच्या अलीकडे आपण आणि पलीकडे परके. मात्र जकातीचा इतिहास वाचू लागले की ही समजूत टिकत नाही. सरहद्द वस्तूगणिक वेगळी असते. पुस्तकाची सरहद्द बंदरावर संपते, कापडाची गोदामात संपते. मद्याची सरहद्द मात्र बाटलीच्या पाठोपाठ घराच्या उंबरठ्यापर्यंत चालत येते. परदेशातून घरपोच बिअर मागवू पाहणाऱ्या माणसाला जी अडचण येते, ती वरवर पाहता सीमाशुल्काची वाटते. प्रत्यक्षात शुल्क भरून झाल्यावरच खरा प्रश्न सुरू होतो. बंदर ओलांडून आलेली वस्तू 'आयात' कुठवर असते, आणि ती 'घरातली' केव्हा होते? या प्रश्नाला आपल्याकडे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा जालन्यातून जातो.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'जकात' हा शब्द अरबीतला. मुळात तो धर्माने सांगितलेल्या दानाचा वाचक. मराठीत येईपर्यंत त्यातले दान गळून पडले आणि नाक्यावरची वसुली तेवढी उरली. 'अबकारी'मध्ये फारसी 'आब' म्हणजे पाणी आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सीमाशुल्काला 'करोडगिरी' म्हणत. अकबराच्या काळात एक कोटी दामांच्या महसुलाची जबाबदारी ज्याच्याकडे, तो अंमलदार 'करोडी'. त्या पदाची सावली या शब्दात राहिली. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात करोडगिरीचा नाका ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. मुंबई इलाख्यातून गोदावरी ओलांडून माल आला की तो परमुलखातून आला, असेच धरले जाई. म्हणजे जालन्याच्या दृष्टीने 'परदेश' समुद्रापलीकडे नव्हता, तो नगर जिल्ह्यात होता.

या व्यवस्थेचा पाया १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने घातला. मालावर पाच टक्के शुल्क ठरले आणि वाटेवरच्या रहदारीच्या वसुल्या थांबवण्याचे मान्य झाले. त्याआधी, १८०० साली, तैनाती फौजेचा तह झाला होता. फौजेला लागणारे धान्य आणि खाण्यापिण्याच्या इतर वस्तू यांना त्या तहाने जकातमाफी दिली होती. हे दोन तह शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. सरहद्द आखली जात असतानाच तिला एक दार ठेवले गेले, आणि ते दार छावणीकडे उघडत होते.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातल्या असई गावाजवळ वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर हा मुलूख लष्करी हालचालींचे ठाणे बनला. कुंडलिका नदीच्या काठच्या या गावाशेजारी १८२७ साली रीतसर छावणी वसली. तिथे पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज राही. शिपाई हिंदी, अधिकारी गोरे. याच सुमारास विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या बिअरचा व्यापार भरात आला होता. लंडनच्या हॉजसनची मक्तेदारी मोडून बर्टन गावचे ऑलसॉप आणि बास हे मद्योत्पादक १८२० नंतर या बाजारात उतरले. सुएझचा कालवा व्हायला १८६९ साल उजाडायचे होते. तोवर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत, आणि महिनोन्‌महिन्यांच्या त्या प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स जास्त घातलेली फिकट बिअर पाठवली जाई. तिला पुढे नावच 'इंडिया पेल एल' पडले. ज्या देशाचे नाव तिला मिळाले, त्या देशातल्या बहुसंख्यांनी ती चाखली नव्हती. मराठवाड्यातला सामान्य माणूस शिंदी किंवा मोहाची दारू पीत होता आणि तिच्यावरची अबकारी भरत होता.

जालन्याला रेल्वे आली ती १९०० साली, हैदराबाद-गोदावरी व्हॅली मार्गाने. तोवर किनाऱ्यावरून या छावणीपर्यंतचा शेवटचा टप्पा बैलगाडीचाच. अशा प्रवासात पिंपाची किंमत वाढवणाऱ्या गोष्टी अनेक असत : जहाजभाडे, फूट-गळती, घाटातली वाहतूक. पण जकातीच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न एकच, माल कोणासाठी चालला आहे? फौजेच्या पुरवठ्याची वस्तू असेल तर तिच्यामागे तह उभा होता. पेठेतल्या व्यापाऱ्याची असेल तर करोडगिरी उभी होती. वस्तू तीच, रस्ता तोच, नाकाही तोच. सरहद्द मात्र मालकाच्या ओळखीप्रमाणे कधी असे, कधी नसे.

आता शे-दीडशे वर्षे पुढे यावे लागेल आणि जालन्यातून मुंबईला जावे लागेल. कारण तहात जे दडलेले होते ते न्यायालयात उघडपणे बोलले गेले ते मुंबईच्या एका खटल्यात. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. फ्राम नसरवानजी बलसारा या नागरिकाने या कायद्याला आव्हान दिले. त्याच्या मागण्यांची यादी मोठी वाचनीय आहे. व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर यांच्या जोडीला कोलनवॉटर, लॅव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोलयुक्त औषधेही त्या यादीत होती. या वस्तू बाळगण्याचा, वापरण्याचा आणि सीमाशुल्काची सरहद्द ओलांडून आणण्याचा हक्क त्याने मागितला.

युक्तिवादाचा गाभा असा होता : सरहद्दीवरून होणारी आयात हा १९३५ च्या कायद्यानुसार केंद्राचा विषय. केंद्राने शुल्क घेऊन बाटली आत येऊ दिली. मग ती जवळ बाळगण्यास प्रांत मनाई कसा करू शकतो? बाळगता येत नसेल तर आणण्याला अर्थ काय?

या प्रश्नाची पूर्वपीठिका अमेरिकेत होती, आणि तीही बिअरचीच. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या लायसी कंपनीची बिअर सीलबंद पिंपांतून आणि खोक्यांतून शेजारच्या आयोवा राज्यात गेली. आयोवात दारूबंदी होती. माल जप्त झाला. १८९० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की माल जोवर मूळ वेष्टनात आहे तोवर तो आंतरराज्य व्यापाराचा भाग आहे आणि राज्याला त्याच्यावर हात टाकता येणार नाही. 'मूळ वेष्टना'चा हा सिद्धान्त १८२७ च्या एका निकालापासून चालत आला होता. सरहद्द जमिनीवर नसून पिंपाच्या झाकणावर आहे, असेच जणू तो सांगत होता. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून राज्यांना अधिकार परत दिले. १८९८ साली न्यायालयाने एका नागरिकाला स्वतःच्या उपयोगासाठी परराज्यातून मद्य मागवण्याची मोकळीक राखली. १९१३ च्या कायद्याने तीही वाट जवळपास बंद झाली. घरी मागवणारा ग्राहक हा या भांडणात वेळोवेळी मध्ये सापडलेला दिसतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी बलसारा खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेल्या या निकालाने मूळ वेष्टनाचा सिद्धान्त नाकारला. आपल्याकडे विषयांच्या सविस्तर याद्या आहेत, तेव्हा अमेरिकी सिद्धान्ताची इथे गरज नाही. आयात म्हणजे वस्तू आत आणणे, त्यानंतरचे बाळगणे, विकणे, पिणे हा प्रांताचा विषय. औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरत्या काही तरतुदी न्यायालयाने रद्द केल्या. कोलनवॉटर सुटले, बिअर अडकली. कायद्याचा मोठा भाग टिकला.

या निकालातला आणखी एक भाग फारसा आठवला जात नाही. लष्करी व नौदलाच्या मेसना आणि परदेशी पाहुण्यांना कायद्यात सवलती होत्या. हा समतेचा भंग आहे, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि असे वर्गीकरण वाजवी ठरवले. कायद्याच्या परिभाषेत यात वावगे काही नसेलही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे १८०० चा तह आठवल्याशिवाय राहत नाही. राजवट बदलली, निजाम गेला, कंपनी तर कधीच गेली. सरहद्दीचे दार मात्र छावणीकडेच उघडत राहिले.

त्या वेळी जालना या कायद्याच्या कक्षेत नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०६ ने अशा राज्यांना आपली अंतर्गत सीमाशुल्के केंद्राशी करार करून काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. देश एक झाला होता, नाका एकदम उठला नव्हता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद रद्द झाला, त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे दारूबंदीचा कायदाही इथे लागू झाला. करोडगिरी गेली आणि परवाना आला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्या कायद्यात बऱ्याच सवलती आल्या होत्या, पण त्याची भाषा पाट्यांवर शिल्लक होती. आजही महामार्गाच्या कडेला 'परमिट रूम' अशी पाटी दिसते. मद्य पिणे हा मुळात मनाई असलेला व्यवहार आहे आणि परवान्याने तो क्षम्य होतो, हे अख्खे कायदेशीर तत्त्वज्ञान त्या दोन शब्दांत आहे. वाटसरू ते वाचतो आणि त्याला त्यात फक्त जेवणाची सोय दिसते.

आता परदेशी राहणाऱ्या मुलाने जालन्यातल्या वडिलांना तिकडच्या बिअरच्या चार बाटल्या पाठवायच्या ठरवल्या, अशी कल्पना करा. मुलगा अमेरिकेत असेल तर तिथल्या टपालाने मद्य पाठवताच येत नाही. अन्य मार्गाने पार्सल निघाले तर शुल्कपत्रकातल्या २२०३ या शीर्षाखाली, म्हणजे माल्टच्या बिअरखाली, केंद्र सीमाशुल्क घेणार. त्यानंतर दुसरा उंबरठा : राज्यात मद्य आणायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी हवी, बाळगायला परवाना हवा. संघसूचीत सीमाशुल्क, राज्यसूचीत मादक पेये. बाटलीला दोन्ही याद्यांतून जावे लागते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि देश एक बाजारपेठ झाल्याचे सांगितले गेले, पण मानवी सेवनाचे मद्य घटनेतच त्या कराबाहेर ठेवले आहे. उलट तोच मुलगा विमानाने आला तर सामानातून दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणू शकतो. सवलत प्रवाशाला आहे, घरी बसलेल्याला नाही.

याचा अर्थ हा दुसरा उंबरठा निव्वळ जाच आहे, असा काढणे मात्र घाईचे होईल. दारूमुळे संसार मोडलेल्या बायकांच्या दृष्टीने घराचा उंबरठा ही शेवटची सरहद्द आहे, आणि तिच्यावर पहारा असावा ही त्यांची मागणी कोणत्याही करोडगिरीहून अधिक नैतिक आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी गावातली दुकाने बंद पाडली; वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. सगळी शुल्के भरलेली बाटलीही तिथे मनाईचीच ठरते. बलसारा निकालाने राज्यांचा अधिकार राखला नसता तर यातले काहीच शक्य झाले नसते.

तेव्हा तक्रार पहाऱ्याबद्दल नाही. दोनशे वर्षांत हा पहारा कोणासाठी सैल झाला आणि कोणासाठी नाही, हे पाहण्याची आहे. फौज, मेस, पाहुणा, प्रवासी यांना दार उघडे. शिंदी पिणाऱ्या मजुराला आणि घरबसल्या ग्राहकाला ते बंद. ज्या बाईने आडव्या बाटलीला मत दिले, तिने निदान बंदी सर्वांना सारखी मागितली होती. सरहद्द आखणाऱ्यांनी तसे अजून एकदाही केलेले नाही.