१४ जून : हालचालींचा हिशेब मांडणारा गवंडी

अमेरिकन व्यवस्थापन सल्लागार फ्रँक बंकर गिलब्रेथ यांचा आज स्मृतिदिन. जन्म ७ जुलै १८६८ रोजी मेन राज्यात. कॉलेजऐवजी त्यांनी थापी हातात घेतली. एकच गवंडी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या पद्धतीने वीट लावतो, हे त्यांनी हेरले. विटांसाठी दर वेळी कमरेत वाकावे लागू नये म्हणून त्यांनी वर-खाली सरकणारी परांची तयार केली. एका विटेमागच्या १८ हालचाली ५ वर आल्या. पुढे कामगारांचे चित्रीकरण करून त्यांनी वाया जाणारे श्रम शोधले. शस्त्रक्रियेच्या वेळी परिचारिकेने सर्जनच्या हातात हत्यार द्यावे, ही सूचनाही त्यांचीच.

पत्नी लिलियन मानसशास्त्रज्ञ आणि व्यवसायातल्या बरोबरीच्या भागीदार. त्यांना बारा अपत्ये. एक मुलगी घटसर्पाने दगावली. काटकसर घरातही चाले. जाकिटाची बटणे खालून वर लावली की चार सेकंद वाचतात, असा फ्रँक यांचा हिशेब होता. मुलांचा अंघोळीचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून न्हाणीघरात फ्रेंच-जर्मनच्या तबकड्या वाजत.

१९२४ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. लिलियन यांनी अकरा मुलांना वाढवत सल्लागाराचे काम चालू ठेवले. १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. दोन मुलांनी लिहिलेले ‘चीपर बाय द डझन’ हे घराच्या आठवणींचे पुस्तक १९४८ मध्ये गाजले. दोन वर्षांनी त्यावर चित्रपटही निघाला.