टेन्स मशीन म्हणजे काय? करंट लावून हाताचं जुनं दुखणं थांबतं का?

भाताचा रोवणा, तेंदूपत्त्याची तोड, बांबूकाम. पोंभुर्ण्याकडची ही सगळी कामं हातांची. वर्षानुवर्षं केली की कोपर, मनगट किंवा खांदा धरून बसतो. मग घरातलं कोणीतरी तुम्हालाच सांगतं, "मोबाईलवर ती करंटची मशीन दिसते ना, ती मागवून दे." मागवण्याआधी ती नेमकं काय करते ते बघूया.

या मशीनला टेन्स म्हणतात. खिशात मावेल एवढा डबा, दोन किंवा चार वायरी आणि त्वचेला चिकटणारे पॅड. आत साधी बॅटरी असते. तिच्यातून येणारा करंट मिलिअँपिअरमध्ये मोजतात आणि तो सलग वाहत नाही, सेकंदाच्या अगदी छोट्या भागाचे ठोके येतात. सुई नाही, औषध नाही. नुसत्या झिणझिण्या जाणवतात.

कोपर दाराला आपटलं की आपण काय करतो? चोळतो, आणि बरं वाटतं. यामागचं कारण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलं. स्पर्शाचा संदेश जाड नसांमधून जातो, दुखण्याचा बारीक नसांमधून, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. जाड नसांकडून भरपूर संदेश आले की ते फाटक दुखण्यासाठी अर्धवट बंद होतं. टेन्स हेच चोळणं विजेने करतं. सेकंदाला साधारण 80 ते 120 ठोके दिले की हा परिणाम मिळतो. 2 ते 5 ठोके, पण जरा जोरात दिले, तर शरीर स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतं असं मानतात. कल्पना तशी जुनीच. रोमन काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य डोकेदुखीवर करंट मारणारा जिवंत मासा लावायला सांगायचा!

आता मुद्द्याचं. फायदा होतो का? 2022 मध्ये 381 चाचण्या एकत्र तपासून संशोधकांनी सांगितलं की मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच दुखणं कमी होतं. पण ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये, ज्या जुनाट दुखण्याला दुसरं कारण सापडत नाही, त्यासाठी टेन्स देऊ नका असं सांगितलं. फायद्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून. माझ्या मते हे बामसारखं समजा. तेवढ्यापुरता आराम, आणि त्या आरामात फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करता आले तर पैसे वसूल. "मुळापासून बरं" म्हणणारी जाहिरात सरळ पुढे ढकला.

आणखी एक घोळ असतो. ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त "मसाजर" यंत्रं ईएमएस प्रकारची असतात. ती स्नायू आखडवतात, दुखण्यासाठी बनवलेली नसतात. बॉक्सवर टेन्स लिहिलंय का आणि परवाना क्रमांक आहे का, बघा. ॲपवरून चालणारी मॉडेल्सही आहेत, पण मशीनवरच बटणं असलेलं घ्या. आजीला ॲपपेक्षा बटण सोपं.

पॅड दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना, कोरड्या त्वचेवर लावायचे. करंट हळूहळू वाढवायचा, जोरदार वाटेल पण बोचणार नाही इतकाच. 20-30 मिनिटं पुरतात. रोज तेच सेटिंग ठेवलं तर शरीराला सवय होते आणि असर कमी होतो. मानेच्या पुढच्या भागावर, छातीवर, जखमेवर किंवा बधिर जागेवर पॅड लावू नका. मधुमेहाने हात बधिर झालेल्या माणसाला करंट जास्त झालेला कळतच नाही. पेसमेकर असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

काही रुग्णांमध्ये डॉक्टर नसेजवळ किंवा मणक्यात छोटं यंत्र बसवतात. ते वेगळं प्रकरण, शस्त्रक्रियेचं आणि महागडं.

पकड सैल पडत असेल, वस्तू हातातून निसटत असतील किंवा मानेतून बोटांपर्यंत कळ जात असेल तर आधी तपासणी करा, मशीन नंतर. आणि डावा हात अचानक दुखून छातीत दाब आला, घाम फुटला, तर पॅड शोधत बसू नका. लगेच 108 ला फोन लावा.