शके १८१९ चे खग्रास ग्रहण आणि आपला पूर्णाकाठ

शके १८१९ ची पौष अमावास्या शनिवारी आली होती. दिनांक २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी भर दुपारी चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि ईशान्येस वऱ्हाडाकडे निघून गेली. तिच्या वाटेवर विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यातील जेऊर आणि पुलगावाजवळचे तळणी येथे वेध घेणाऱ्यांचे तळ पडले होते. वाचकांनी नकाशावर जेऊर व तळणी यांस जोडणारी रेषा ओढून पाहावी. ती जिंतूर व परभणी यांच्या मधून जाते. येलदरी तिच्या किंचित उत्तरेस. ज्या छायेसाठी लोक समुद्र ओलांडून आले, ती आपल्याच मुलखावरून गेली.

जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तेथेच होते. ही मंडळी व्यवसायाने ज्योतिर्विद. विजयदुर्गी मात्र लॉकियर यांनी ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांस हाताशी धरले व सूर्याचे प्रभामंडल डोळ्यांनी पाहून कसे रेखाटावे, याचा सराव त्यांच्याकडून करून घेतला. (लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, ही आख्यायिका खरी नव्हे. ते तेथे आले ते १८९८ मध्येच.)

तळणीस आलेली ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही तर हौशी निरीक्षकांची संस्था. तिच्यासमवेत ॲनी माँडर ही विदुषी होती. विवाहामुळे १८९५ मध्ये तिला ग्रिनिच वेधशाळेतील काम सोडावे लागले होते. दीड इंच भिंगाच्या कॅमेऱ्याने तिने प्रभामंडलाचा जो किरण टिपला, तितका लांब किरण तोवर कोणाच्याही छायाचित्रात उमटला नव्हता.

आणि आपल्याकडे? निजामी अंमलातील आपल्या गावी ती घटका बहुधा स्नान, दान व जप यांत गेली असावी. यास मी अज्ञान म्हणणार नाही. पंचांगात स्पर्श व मोक्ष यांच्या वेळा पाहून बसणारा समाज आकाशाविषयी उदासीन कसा म्हणावा? उणीव राहिली ती टिपणाची. जे पाहिले ते स्थळ व वेळ घालून लिहून ठेवणे, यातच हौशी निरीक्षकाचे सारे मोल आहे. बंगालमधील जशोर येथील खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांची सदतीस हजारांहून अधिक टिपणे अमेरिकेतील संस्थेस धाडली. ती संशोधकांच्या उपयोगी पडली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांस एकत्र आणीत आहे.

येलदरी-जिंतूरकडील ज्ञातिबांधवांस एक विनंती आहे. घरी शके १८१९ चे पंचांग, खातेवही वा रोजकीर्द असल्यास पौष अमावास्येच्या पानाचा समास अवश्य पाहावा. छायेच्या कडेकडील गावची एक ओळही ती कड ठरविण्यास साह्य करते. ‘दिवसा तारे दिसले’, ‘दिवा लावावा लागला’, ‘सूर्याची कोर शिल्लक राहिली’, यांपैकी काहीही चालेल. गावाचे नाव मात्र असावे. मूळ पान घरीच ठेवून नक्कल मंडळाकडे द्यावी, म्हणजे पुढील स्मरणिकेत ती छापता येईल.