शेजारची रिकामी सीट कोणाच्या पुण्याईची?

इंदूरच्या मराठी मंडळींत विमानप्रवासाची नवलाई आता उरलेली नाही. पुण्याला मुलाकडे, मुंबईला कामासाठी, हैदराबादला कंपनीच्या बैठकीला लोक सहज जातात. त्यांच्याबरोबर एक समजूतही फिरत असते. एकाच विमानकंपनीला धरून राहा, पॉइंट साठवा, सिल्व्हरचे गोल्ड करा; मग शेजारची सीट रिकामी मिळू लागते, कारण कंपनी आपल्या माणसाची कदर करते. अनुभवी प्रवासी हे इतक्या खात्रीने सांगतात की नवखा माणूस जास्त पैसे मोजून, अडनिड्या वेळेचे विमान पकडून ‘आपल्या’ कंपनीचेच तिकीट काढतो. ही समजूत नुसती चुकीची असती तर सोडून दिली असती. पण तिची झळ लोकांच्या खिशाला लागते, विमानातल्या वागणुकीलाही लागते. म्हणून तिचे खंडन करणे भाग आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा अप्रामाणिकपणा होईल, म्हणून तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. प्रवाशाच्या नावापुढे त्याचा दर्जा काउंटरवरच्या पडद्यावर दिसतो. विमान निम्मे रिकामे असेल, तर गोल्ड सभासदाच्या शेजारची सीट सोडून बाकीच्या भरण्यात कंपनीचे काहीच जात नाही. उलट वर्षभर तिकिटे काढणारे गिऱ्हाईक खूश राहते. काही परदेशी कंपन्या आपल्या वरच्या दर्जाच्या सभासदांसाठी असे करतातही. आणि सगळ्यात मोठा पुरावा अनुभवाचा. अनेक भल्या माणसांनी कार्ड मिळाल्यानंतर शेजारी रिकामी सीट पाहिली आहे. ते खोटे बोलत नाहीत.

खोटे बोलत नाहीत, हे मलाही मान्य आहे. प्रश्न त्यांनी पाहिले काय हा नाही. जे पाहिले, त्याचे कारण कोणते हा आहे.

आपल्या तर्कशास्त्रात कार्यकारणसंबंध ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात. कार्ड असताना सीट रिकामी मिळाली, हा झाला अन्वय. कार्ड नसताना ती मिळत नाही, हा व्यतिरेक कोणी तपासला? तो तपासण्याची सोय आपल्याच देशाने १८ वर्षे करून ठेवली होती. इंडिगोचे पहिले विमान २००६ मध्ये उडाले. वारंवार उडणाऱ्यांसाठीची स्वतःची योजना, ब्लूचिप, या कंपनीने आणली २०२४ मध्ये. मधल्या काळात तिच्याकडे ना सिल्व्हर होते ना गोल्ड, आणि तरीही देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक तिच्याच विमानांतून जाऊ लागले. इंदूरच्या विमानतळावरही तिचेच प्राबल्य. त्या १८ वर्षांत इंडिगोच्या एकाही प्रवाशाला शेजारी रिकामी सीट मिळाली नाही, असे कोणी म्हणेल काय? रोज मिळत होती, हजारोंना मिळत होती, दर्जा न विचारता मिळत होती. कारण नसताना कार्य घडत राहिले, तर ते कारणच नव्हे.

मग ती सीट येते कुठून? साध्या मोजणीतून. इंडिगोच्या ए-३२० निओ जातीच्या अनेक विमानांत १८६ सीट असतात: ३१ रांगा, प्रत्येक रांगेत तीन-तीनचे दोन गट, म्हणजे ६२ मधल्या सीट. आपल्याकडे विमाने साधारण ८० ते ९० टक्के भरून जातात. ८५ टक्के धरू. प्रवासी झाले १५८, रिकाम्या सीट २८. या सगळ्या मधल्याच राहिल्या, तर प्रत्येकीच्या दोन बाजूंचे मिळून ५६ प्रवासी शेजाराविना बसतील. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा! प्रत्यक्षात कुटुंबे एकत्र बसतात, काही खिडक्याही रिकाम्या राहतात, त्यामुळे आकडा उतरतो. तरीही कार्डवाल्याला चार-सहा फेऱ्यांत एकदा अशी सीट मिळणे यात कंपनीच्या मेहेरबानीची गरज कुठे पडली? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढेच. आता तेच विमान दिवाळीच्या आदल्या दिवशी ९५ टक्के भरू द्या. रिकाम्या सीट उरतात नऊ. त्या दिवशी गोल्ड कार्डाचे तेज कुठे जाते? गेलेले कुठेच नसते. ते या हिशेबात कधी नव्हतेच.

यावर जाणकार कार्डवाले एक बारीक मुद्दा काढतात, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतात, आम्हाला पुढच्या रांगांत रिकामी सीट जास्त वेळा मिळते, ही नुसती सरासरी नव्हे. निरीक्षण बरोबर आहे. पुढच्या रांगांतल्या सीट निवडायला जादा पैसे पडतात. पदरचे पैसे घालून मधली सीट कोण घेईल? म्हणून त्या रांगांतल्या मधल्या सीट शेवटपर्यंत पडून राहतात. कार्डवाल्याला ती रांग बहुधा फुकट किंवा सवलतीत मिळते, तो खिडकीशी बसतो आणि शेजारी कोणी नाही हे पाहून सुखावतो. पण त्याच रांगेत पलीकडच्या बाजूला पैसे मोजून बसलेल्या, कसलेही कार्ड नसलेल्या माणसाच्या शेजारीही तीच रिकामी सीट असते. तिकडे एकदा मान वळवून पाहावे. सीट रिकामी राहिली ती त्या रांगेच्या दरामुळे. कार्डाने रांगेपर्यंत पोहोचवले, इतके श्रेय मी त्याला मोकळेपणाने देतो. त्यापुढचे नाही.

आता ‘कंपनीचे काय जाते?’ हा युक्तिवाद घेऊ. पूर्वपक्षातला हा सर्वांत सबळ. याची कसोटी २०२० मध्ये लागली, आणि अशी कठोर कसोटी पुन्हा लागणार नाही. २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली. साथीच्या भीतीने मधली सीट रिकामी ठेवावी अशी मागणी होती. वाद मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. शेवटी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आदेश दिला तो असा: प्रवासीसंख्येमुळे शक्य असेल तर मधली सीट रिकामी ठेवा, नाहीतर तिथल्या प्रवाशाला अंगभर झगा द्या. झगा दिला गेला, सीट भरली गेली. जगभरच्या विमानकंपन्यांची संघटना आयाटा हिने मे महिन्यातच हिशेब मांडला होता की मधली सीट सोडली तर विमान जास्तीत जास्त ६२ टक्के भरेल, आणि खर्च निघायला सरासरी ७७ टक्के भरावे लागते. कंपन्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. हिशेब खरा होता. पण जीविताचा प्रश्न असताना जी सीट सोडणे परवडले नाही, ती आपल्या सिल्व्हर कार्डासाठी सोडली जाईल, हे वाचकांना पटते काय?

त्याच वर्षी जुलैत इंडिगोने एका प्रवाशाला दोन सीट घेण्याची सोय काढली. दुसऱ्या सीटचे शुल्क मूळ भाड्याच्या २५ टक्क्यांपर्यंत. रिकाम्या शेजाराला उघड किंमत लागली. युरोपात ब्रिटिश एअरवेज आणि लुफ्तान्सा या कंपन्या जवळच्या मार्गांवरच्या बिझनेस वर्गात त्याच तीनच्या रांगेतली मधली सीट रिकामी ठेवून ती जागा चढ्या भाड्याने विकतात. ज्या वस्तूला बाजारात भाव आहे, ती व्यापारी माणूस सवय म्हणून फुकट वाटत नाही.

राहिला परदेशी कंपन्यांचा दाखला. तिथेही सभासदाला मिळते ते ‘जमल्यास’ या अटीवर. विमान भरले की ती सीट दुसऱ्याला दिली जाते. शिवाय तो दाखला इंदूरला लावायचा कसा? इथून छोट्या शहरांकडे अनेकदा एटीआर जाते. ७८ सीटचे विमान, दोन्हीकडे दोन-दोनची रांग. मधली सीट तिथे जन्मालाच आलेली नाही.

आणि जिला निष्ठा म्हणतात, ती तरी कितपत निष्ठा आहे? इंदूरहून कित्येक शहरांना थेट जाणारी कंपनी एकच. जिथे निवडच नाही, तिथे निष्ठा कसली? पीथमपूरच्या कारखान्याचा अधिकारी दर आठवड्याला मुंबईला जातो ते कारखान्याच्या पैशाने. पॉइंट मात्र त्याच्या नावावर. एअर इंडियाने २०२४ मध्ये अंतर सोडून खर्चलेल्या रकमेवर पॉइंट द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोजले काय जाते हे तिने स्वतःच स्पष्ट केले.

उलट बाजूने कंपनीची निष्ठा पाहू. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. इंदूरच्या किती घरांत त्यांची कार्डे जपून ठेवलेली होती! विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. यातली जेटची गोष्ट विशेष बोलकी आहे. तिची पॉइंटांची योजना, जेटप्रिव्हिलेज, ही आधीच वेगळी कंपनी झालेली होती आणि तिचा ५०.१ टक्के हिस्सा एतिहादने १५ कोटी डॉलरला घेतला होता. विमाने थांबली तरी योजना चालू राहिली. २०१९ मध्येच तिने इंटरमाइल्स हे नाव घेतले. विमान नव्हते, सीट नव्हती, तरी पॉइंट होते! कारण या योजनांची मोठी कमाई बँकांना आणि क्रेडिट कार्डवाल्यांना पॉइंट विकण्यातून होते. हा सचोटीचा धंदा असू शकतो. पण त्याला कदर म्हणणे म्हणजे पावतीला पत्र समजणे आहे.

कार्ड टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. जादा सामान, लाउंज, आधी चढण्याची मुभा हे लाभ लिखित आहेत आणि वारंवार जाणाऱ्याला ते उपयोगी पडतात. सामानाचे वजन दर वेळी जास्त होत असेल, तर कार्ड जरूर घ्यावे. पण सीट रिकामी हवी असेल तर वाट वेगळी आहे. सोमवारची सकाळ आणि शुक्रवारची संध्याकाळ टाळून आठवड्याच्या मधली दुपार निवडावी. निघण्याच्या काही तास आधी सीटचा नकाशा पुन्हा उघडून पाहावा आणि जिथे गर्दी नाही तिथे सरकावे. दोघे जाणार असतील तर खिडकी आणि कडेची सीट घेऊन मधली मोकळी सोडण्याची युक्ती विमान अर्धवट भरलेले असेल तेव्हा चालते. भरलेल्या विमानात तिथे तिसरा माणूस येतोच. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आजी बरोबर असेल, तर दैवावर हवाला न ठेवता जादा सीटची चौकशी करून ती विकत घ्यावी.

माझा खरा आक्षेप यापुढे आहे. रिकामी सीट ही आपली कमाई आहे असे एकदा मनाने घेतले की तिथे येणारा माणूस अतिक्रमण करणारा वाटू लागतो. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी बसवावे, असे महासंचालनालयाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले. त्यासाठी शेवटच्या क्षणी सीटांची फिरवाफिरव होते. अशा वेळी काउंटरवरच्या मुलीवर ‘मी गोल्ड आहे’ म्हणून आवाज चढवणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. ती मुलगी नियम पाळत होती. त्यांच्या बाजूने एकही नियम नव्हता.

वाचकहो, दोन्ही बाजू आपल्यापुढे आहेत. आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे कार्ड असेल तर तिची नियमावली काढा आणि शेजारची सीट रिकामी ठेवण्याचे वचन त्यात कुठे लिहिले आहे ते शोधा. कंपन्यांनाही माझी विनंती आहे: असे वचन देत असाल तर कोणत्या दर्जाला, विमान किती भरेपर्यंत, हे छापून द्या, देत नसाल तर तेही छापा. तोवर केवळ या आशेने कोणीही महाग तिकीट काढू नये.