पंख्याची पाती आणि बेंझिन

तळेगाव स्टेशन भागातल्या एका शिकवणीवर्गात मागच्या बाकावर बसून रेझोनन्सचा तास ऐकला. फळ्यावर बेंझिनचा षटकोन, त्यात एकाआड एक तीन दुहेरी रेघा. शेजारी तसाच दुसरा, फक्त रेघा एकेक घर सरकलेल्या. मध्ये दोन टोकांचा बाण. मग सरांनी खडू छताकडे रोखला. ‘‘पंखा फिरताना पाती दिसतात का? तसंच. डबल बॉण्ड इतक्या जोरात इकडून तिकडे पळतो, की आपल्याला मधलंच काहीतरी दिसतं.’’ पोरांनी माना डोलावल्या.

हा पंखा कुठल्याही वर्गात सापडेल, आणि तो फिरवणाऱ्यांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या बाजूला खुद्द केकुले उभा आहे. 1865 मध्ये बेंझिनचं कडं सुचवणाऱ्या या माणसानेच 1872 मध्ये, त्यातले दुहेरी बंध सतत जागा बदलतात, असंही मांडलं. पुढे 1932 मध्ये लेव्हिन आणि कोल यांनी ऑर्थो-झायलीन ओझोनने फोडलं, तेव्हा दोन्ही मांडण्यांतून निघावेत ते सगळे तुकडे हाती आले : ग्लायॉक्सल, मिथाइल ग्लायॉक्सल आणि डायमिथाइल ग्लायॉक्सल, 3:2:1 या प्रमाणात. याहून भक्कम साक्षीदार कोणता?

पण त्याची उलटतपासणी घ्या. कड्यातले सहाही बंध सारखे धरले, तरी ओझोनने एकाआड एक तीन बंध कापायच्या रीती दोनच, आणि प्रमाण तेच 3:2:1. साक्ष दोन्ही पक्षांच्या कामाची, म्हणजे कुणाच्याच नाही. बंधांच्या लांबीचंही तेच. एकेरी 1.54 आंगस्ट्रॉम, दुहेरी 1.34, बेंझिनमध्ये 1.39. पंखावाला म्हणेल, ही मधलीच की!

निकाल लागतो उष्णतेच्या हिशेबात. सायक्लोहेक्सीनमधला एकुलता दुहेरी बंध हायड्रोजनने भरला की मोलमागे सुमारे 120 किलोज्यूल उष्णता सुटते. तशा तीन बंधांचे 360 व्हायला हवेत; बेंझिन देतं 208. आता समजा, दोन दुकानांत एकाच वस्तूचा भाव 360 रुपये आहे. आज या दुकानात, उद्या त्या दुकानात अशी कितीही पळापळ करा, सरासरी 360च पडणार. 208 ला ती कोण देईल? केकुलेच्या दोन्ही आकृत्यांची ऊर्जा सारखीच, तेव्हा त्यांच्यात नुसती ये-जा करून 152 किलोज्यूलची घट येणं शक्य नाही. ती येते, कारण बेंझिन या दोहोंपैकी कुठल्याच आकृतीत क्षणभरही नसतं. सहा इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांवर एकदमच पसरलेले असतात, आणि पसरल्यानेच त्यांची ऊर्जा उतरते. खेचर काही सकाळी घोडा आणि दुपारी गाढव नसतं.

घोटाळ्याचं एक मूळ नावातच आहे. हायझेनबर्गने 1926 मध्ये हेलियमचं गणित मांडताना एकमेकांना जोडलेल्या दोलकांची उपमा घेतली. तिथून ‘रेझोनन्स’ पॉलिंगच्या हाती आला आणि रसायनशास्त्रात रुजला. मराठीत अनुस्पंदन म्हणा की संस्पंदन, स्पंदन काही सुटत नाही.

तळेगावकरांना बेंझिनहून जवळचं उदाहरण आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना इथे 1908 मध्ये सुरू झाला. साधी काच म्हणजे वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी. शेवटच्या दोहोंत कार्बोनेट आहे, एका कार्बनभोवती तीन ऑक्सिजन. पुस्तकात त्याच्या तीन आकृत्या असतात, प्रत्येकीत दुहेरी रेघ वेगळ्या ऑक्सिजनकडे. कागदावर चिमूटभर सोडा घेऊन, ‘आत्ता या घडीला दुहेरी बंध कुठल्या ऑक्सिजनला?’ असं विचारलं, तर उत्तर कठीण नाही, प्रश्नच चुकीचा आहे. तिन्ही बंध सुमारे 1.28 आंगस्ट्रॉमचे, आणि दोन ऋण प्रभार तिघांत वाटलेले.

खरोखर ये-जा करणारे रेणूही आहेत, नाही असं नाही. सायक्लोब्यूटाडाईन चौरस नसतं, आयत असतं : दोन बाजू आखूड, दोन लांब. एका आयतातून दुसऱ्यात जाताना अणूंना जागचं हलावं लागतं, मधला ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. म्हणून तिथे दोन टोकांचा एक बाण काढत नाहीत, उलटसुलट दोन बाण काढतात. सरांनी आपला पंखा त्या आकृतीखाली लावावा; तिथे तो शोभेल.